पुष्पाबाईचा पुष्कराज

"साहेब म्हनत होते, का मीठ बी खनिजच हाये," पुष्पाबाई म्हणाली आणि तिनं ईश्वरच्या ताटात चिमूटभर मीठ वाढलं.

ईश्वरनं तोंडाशी नेलेला घास खाली आणला. त्याच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत त्या घरात मिठाबद्दल दोनच प्रकारची वाक्यं बोलली गेली होती. एक, जास्त झालं. दुसरं, कमी पडलं. मीठ कोण, कुठलं, त्याचं कूळ काय, हा विषय कधी निघाला नव्हता.

"कोनता साहेब?" त्यानं विचारलं.

"दगडाच्या प्रदर्शनीतला."

एकोणीसशे ऐंशीच्या जानेवारीत साकोलीच्या शाळेच्या हॉलमध्ये खनिज आणि रत्नांचं प्रदर्शन भरलं होतं. धान मळून घरात पडलं होतं, हातात वेळ होता, आणि साकोलीत बघण्यासारखं काही आलं की ते काय आहे हे न विचारता बघायला जायची लोकांची पद्धत होती. नाकाडोंगरीकडचं काळं मँगनीज, अभ्रक, गारगोट्या आणि एका काचेच्या पेटीत चार-पाच खरी रत्नं. महिला मंडळाच्या बायांबरोबर पुष्पाबाईही गेली होती. सगळ्या जात होत्या म्हणून ती गेली होती, पण येताना मात्र वेगळीच होऊन आली.

"साहेबानं माया हातावर एक गोटा ठेवला," ती सांगत होती. "म्हनाले, बाई, डोळे मिटून सांगा, थंड लागते का गरम? मी म्हनलं, थंड. तं म्हनाले, बाई, तुमची पारख चांगली हाये."

"गोटा थंड हाये हे सांगाले पारख कायले लागते? जानेवारी हाये!"

"सगळ्याच बायाइले विचारलं त्याईनं," पुष्पाबाई शांतपणे म्हणाली. "पन पारख चांगली हाये असं मलेच म्हनले."

त्या दिवशी वांगं आणि सुके झिंगे अशी ईश्वरची जीव की प्राण भाजी होती. ती ताटात तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी पुष्पाबाई पुन्हा प्रदर्शनात गेली. तिसऱ्या दिवशीही गेली. घरात हळूहळू साहेबांची वस्ती वाढू लागली. ईश्वर अंघोळीला बसला की पाय घासायच्या दगडाबद्दल साहेब काय म्हणतात ते कळायचं. चटणी वाटताना पाटा ज्वालामुखीतून आला आहे, असं कळलं.

"तो माया बापानं लाखनीच्या बजारातून आनला," ईश्वर म्हणाला.

"त्याच्या आंधी जी. लाखो वर्सं आंधी."

"तुह्या साहेबाले लाखनीचा बजार माहीत नाही."

पुष्पाबाई नुसती हसली, आणि ते हसणं ईश्वरला कोणत्याही उत्तरापेक्षा जास्त लागलं.

ईश्वरचं बसस्टँडजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. माणूस कष्टाळू, हात साफ, पण बोलण्याच्या बाबतीत जरा काटकसरी. घरी आल्यावर तो "वाढ" म्हणायचा, आणि जेवण झाल्यावर "झालं" म्हणायचा. आपल्या या दोन शब्दांवर संसार उत्तम चालला आहे, अशी त्याची समजूत होती.

चौथ्या दिवशी मासोळ्या विकणारी जमुनाबाई टोपली घेऊन दुकानासमोर टेकली. ती ईश्वरच्या शेजारीच राहायची.

"ईश्वरभाऊ, तुमची घरवाली मोठी हुशार निंगाली बापा," ती म्हणाली. "साहेब तं तिले पाहूनच खुश होते. म्हनते, या बाई, आज काय पाहता?"

ईश्वरच्या हातातला पाना खाली पडला. "दिसाले कसा हाये?"

"कोन?"

"साहेब!"

जमुनाबाईनं विचार केला. "मी काय त्याले पाहाले गेली होती का? दगड पाहाले गेली होती. पन आवाज गोड हाये. आइकून माही टोपली तिथंच इसरली मी."

ईश्वरनं एका गिऱ्हाइकाचं चाक खोललेलं तसंच ठेवलं आणि दुकान बंद केलं.

साहेब कसा असेल याचं चित्र चार दिवसांत त्याच्या डोक्यात पक्कं झालं होतं. उंच, केस मागे फिरवलेले, काळा चष्मा, खाली घेर असलेली पँट. हॉलच्या दारातून त्यानं आत डोकावलं तर टेबलामागे एक बुटका, टकला माणूस उभा होता. जाड भिंगाचा चष्मा, आणि स्वेटरची बटणं एक घर चुकवून लावलेली. हेच नागपूरहून आलेले कृष्णरावसाहेब. ईश्वरला इतकं हायसं वाटलं की तो मोकळ्या मनानं आत शिरला आणि बायांच्या घोळक्यामागे जाऊन उभा राहिला.

मग कृष्णरावांनी तोंड उघडलं.

"ही गारगोटी," ते म्हणाले. "नांगराला लागते, आपण शिवी देतो आणि बांधावर भिरकावतो. पण हिच्यात लोखंडाचा नुसता अंश शिरला, जमिनीच्या पोटात मुक्काम पडला, की हीच जांभळी होते. मग लोक हिला अंगठीत बसवतात. दगड तोच असतो, बाई. फक्त त्याच्याकडे कुणीतरी नीट पाहायला हवं असतं."

सगळ्या बायांनी एकदम सुस्कारा टाकला. त्यात पुष्पाबाईचा सुस्कारा ईश्वरनं बरोबर ओळखला.

"आणि हा कुरुंद. आपल्याच भंडारा जिल्ह्यातला. चाकूला धार लावायच्या चाकात हाच असतो. हाच लाल झाला की माणिक, निळा झाला की नीलम. सख्खी भावंडं. एक राणीच्या गळ्यात, दुसरं धारवाल्याच्या चाकात. पण आतून दोघं एकच."

"भाऊ, जरा सरका ना, दिसत नाही," मागून कुणीतरी म्हणालं तेव्हा ईश्वर भानावर आला. ऐकता ऐकता तो पार पुढं, टेबलाजवळ पोचला होता. पुष्पाबाईनं पाहायच्या आत तो मान खाली घालून बाहेर पडला.

आता त्याची खरी पंचाईत झाली. देखण्या माणसाशी भांडता येतं, दांडगटाशी मारामारी करता येते. पण नुसत्या बोलण्याशी कसं लढायचं? आपणही चार शब्द बोलावेत, तर सायकलीवर कोण सुस्कारा टाकणार?

फाटकाबाहेर एक माणूस चादर पसरून रंगीत खडे विकत बसला होता. त्यानं ईश्वरचा चेहरा पाहिला आणि हाक मारली, "घरच्यांसाठी काही घ्या, शेठ."

त्याला आजवर कुणी शेठ म्हटलं नव्हतं. तो उकिडवा बसला.

"घरच्यांचं नाव काय?"

"पुष्पाबाई."

"मग तर विचारच करू नका," खडेवाला म्हणाला आणि त्यानं चिंचोक्याएवढा पिवळाधमक खडा तळहातावर ठेवला. "पुष्पाबाईसाठी पुष्कराज."

ईश्वरला ते ऐकताच वाटलं, हे वाक्य कृष्णरावांनासुद्धा सुचलं नसतं. नव्या पंपासाठी ठेवलेले पैसे त्यानं तिथंच मोजून दिले.

घरी तो "वाढ" म्हणाला नाही. खिशातून पुडी काढून म्हणाला, "पुष्पाबाईसाठी पुष्कराज." वाटेत त्यानं हे वाक्य पुष्कळदा घोकलं होतं. तरी शेवटी आवाज थोडा चिरकलाच.

पुष्पाबाईनं खडा दिव्यासमोर धरला. त्याच्यावर फुंकर घातली, गालाला लावला.

"मायासाठी?"

"मग काय जमुनाबाईसाठी?"

तिनं खडा पदराच्या टोकाला बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली, आणि म्हणाली, "उद्या साहेबाले दाखवतो."

ईश्वरनं विचारलं, "साहेबाले काहून?"

"पाहू द्या ना त्याईले बी. आमच्या घरी बी रत्न हाये म्हनून."

तेव्हा कुठं ईश्वरच्या ध्यानात आलं, की खडा खरा आहे की खोटा हे आपण विचारलंच नाही. खरा असेल तर साहेबाची चांगलीच जिरेल. पण खोटा असेल तर? भर हॉलमध्ये, सगळ्या बायांसमोर, त्या गोड आवाजात तो साहेब सांगणार. बाई, तुमच्या नवऱ्याला पारख नाही.

सकाळी उठल्याबरोबर तो म्हणाला, "आन तो खडा. सोनाराकडे नेतो, अंगठीत बसवाले." पुष्पाबाईनं पदराची गाठ सोडली. ईश्वर खडा घेऊन थेट शाळेत. फाटकाबाहेर ना चादर होती, ना तिचा मालक. हॉल नुकताच उघडला होता. कृष्णराव एकटेच फडक्यानं दगड पुसत होते, आणि दाराशी कवडू नावाचा चौकीदार बिडी ओढत बसला होता.

"साहेब, हा एक खडा पाहाजा जरा," ईश्वर म्हणाला. कोण, कुठला, काही सांगितलं नाही.

कृष्णरावांनी भिंग डोळ्याला लावलं. "काच," ते म्हणाले. मग त्याचा चेहरा पाहून प्रेमानं पुढं म्हणाले, "पण बरी काच आहे."

"नीट पाहा ना, साहेब."

"थांबा, दाखवतोच तुम्हाला." शिकवण्याची हौस ही त्या माणसाची मोठी दुबळी बाजू होती. त्यांनी पेटी उघडली, आतला सरकारी पुष्कराज काढला आणि टेबलावर काचेच्या शेजारी ठेवला. दोन्ही पिवळे, दोन्ही चिंचोक्याएवढे. "नुसत्या डोळ्यांना फरक कळणार नाही. पण भिंगातून पाहिलंत तर काचेत एक बारीक गोल बुडबुडा..."

बाहेर बायांचे आवाज ऐकू आले. त्यात पुष्पाबाईचा होता.

"साहेब, मायी बायको येऊन राहिली," ईश्वर घाईघाईनं म्हणाला. "तिनं विचारलं तं खरा हाये म्हनून सांगजा. पाया पडतो."

"मी दगडाबद्दल खोटं बोलत नाही."

"एकदाच!"

"एकदाही नाही. कोण तुमच्या बायको?"

"पुष्पाबाई."

कृष्णरावांचा चेहरा उजळला. "अरे! त्या तुमच्या पत्नी? मग तर सांगायची गरजच नाही. त्या स्वतःच ओळखतील!"

हे ऐकून ईश्वरच्या अंगाची जी आग झाली ती विझायच्या आत पुष्पाबाई दारात उभी होती.

"अजी, तुमी इथं? सोनाराकडे गेले होते ना?"

ईश्वरनं टेबलावरचा एक खडा झडप घालून उचलला आणि मूठ मिटली.

"हातात काय हाये?" पुष्पाबाईनं विचारलं.

"खोकला," ईश्वर म्हणाला. आणि ते खरं वाटावं म्हणून मूठ तोंडाशी नेऊन खोकला. खडा गालात सरकला. तिथं तो सुखानं राहिला असता. पण त्यानं टेबलावरून खडा उचललेला कवडूनं पाहिला होता. तो बिडी टाकून धावत आला आणि "ओ भाऊ!" म्हणत त्यानं ईश्वरच्या पाठीत असा जोरदार हात हाणला, की खड्यानं सरळ खालचा रस्ता धरला.

ईश्वरनं एकदा आवंढा गिळून पाहिला. काही उपयोग झाला नाही.

कृष्णरावांनी टेबलावर उरलेला खडा उचलला, भिंग लावलं, आणि त्यांच्या टकलावर जानेवारीत घाम फुटला.

"यात बुडबुडा आहे," ते ईश्वरला म्हणाले.

"मंजे?"

"म्हणजे ही काच आहे."

"मंजे?"

"म्हणजे शासनाची मालमत्ता तुमच्या पोटात आहे!"

पुष्पाबाई पुढं आली. तिनं तो काचेचा खडा कृष्णरावांच्या हातातून घेतला, मुठीत धरला, नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि एक शब्द न बोलता बाजूला झाली. ती काही बोलली असती तर ईश्वरला बरं वाटलं असतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. "दुखतं का?"

"नाही."

"मग वाट पाहायची. केळी खा." डॉक्टर पुढच्या पेशंटकडे वळले.

मागोमाग ठाण्यातून तेजराम शिपाई आला. त्यानं कागद काढला आणि पेन्सिल ओली केली.

"मुद्देमाल जप्त केला का?" त्यानं विचारलं.

"अजून नाही," कृष्णराव म्हणाले.

"कुठं हाये?"

कृष्णरावांनी बोटानं दाखवलं. तेजराम बराच वेळ ईश्वरच्या पोटाकडे पाहत राहिला. "आरोपी मुद्देमालासकट पकडला, असं लिहितो," तो शेवटी म्हणाला. "पन मुद्देमाल निंघाला नाही तं मले आरोपीसकट भंडाऱ्याले न्या लागन. ते पाहा तुमी."

म्हणजे आता अब्रू तर गेलीच होती, वर जेलही दिसू लागली. आणि या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे पुष्पाबाई दवाखान्यात आली नाही. केळ्यांचा घड मात्र तिनं जमुनाबाईच्या हातून पाठवला. निरोप काही नव्हता. ईश्वरनं घड उलटासुलटा करून पाहिला, तरी केळ्यांतून राग कळेना.

कृष्णराव मात्र तिथून हलायला तयार नव्हते. पुष्कराज गेला तर त्यांची नोकरी जाणार होती. ते खाटेजवळ स्टूल टाकून बसले आणि ईश्वरला स्वतःच्या हातानं केळी सोलून देऊ लागले. ईश्वर उठून परसाकडे निघाला की तेही उठायचे, आणि परत आला की विचारायचे, "काही?"

"काही नाही."

"आणखी एक खा."

असा दिवस गेला. ज्या माणसाच्या नावानं ईश्वरला घास गिळवत नव्हता, तोच माणूस आता त्याला घास भरवत होता. शेवटी ईश्वरला राहवलं नाही.

"साहेब, घरी बायकोले बी असंच सांगता का जी, दगडाचं?"

कृष्णरावांनी केळ्याची साल घडी घालून ठेवली. "लग्न झाल्यावर सांगत होतो," ते म्हणाले. "आता घरात दगडांचा विषय काढायला बंदी आहे. ती म्हणते, काय ते बाहेर बोलून या."

ईश्वरला एकदम त्या माणसाबद्दल माया वाटली. त्यानं न सांगता आणखी एक केळं खाल्लं.

दवाखान्यात निर्मला नावाची सिस्टर होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ईश्वरचा ताप पाहायला आली. कृष्णराव तोंड धुवायला गेले होते. काहीतरी बोलायचं म्हणून ईश्वर म्हणाला, "सिस्टर, तुमाले माहीत हाये का, माणिक आन नीलम सख्खे भाऊ हायेत." मग त्यानं कुरुंदाची सगळी कथा सांगितली. धारवाल्याच्या चाकाशी पोचल्यावर सायकलीच्या चाकाचंही थोडं आपल्या पदरचं घातलं. सिस्टर थर्मामीटर हातात धरून ऐकत राहिली, आणि ईश्वरला किती ताप आहे ते शेवटपर्यंत कळलंच नाही.

दुपारी जमुनाबाई आली. टोपली खाली ठेवायच्या आत तिनं तोंड उघडलं.

"ईश्वरभाऊ, कमाल झाली! आज प्रदर्शनीचा शेवटचा दिवस, साहेब इथं बसले, तं पुष्पाबाईच उभी हाये टेबलापाशी! छडी घेऊन सांगून राहिली!"

"हो, मीच निरोप पाठवला होता," कृष्णराव म्हणाले. "पंचायत समितीचे सभापती येणार होते. कुणीतरी सांगणारं हवं ना?"

"सभापती दोनदा आइकून गेले!" जमुनाबाई म्हणाली. "बसस्टँडवरचे ड्रायव्हर-कंडक्टर मोटार उभी ठेवून आइकून राहिले. पाय ठेवाले जागा नाही."

"बाया असतीन," ईश्वर क्षीण आवाजात म्हणाला.

"बाया? बाया तं पार मांगं गेल्या. सगळे मानसंच मानसं!"

ईश्वर खाटेवर उठून बसला. आजवर त्याला एका माणसाचा हेवा करायचा होता, आणि तेवढ्यानंच तो जेरीस आला होता. आता सगळ्या साकोलीचा हेवा करायचा म्हणजे काही मर्यादा? त्यानं लुंगी आवळली, आणि कुणाला काही कळायच्या आत तो दवाखान्याच्या फाटकाबाहेर पडून धावत सुटला.

"धरा!" दवाखान्याच्या दाराशी पहाऱ्याला बसलेला तेजराम ओरडला. "मुद्देमाल पळून राहिला!"

पुढं ईश्वर, मागं दंडुका सावरत तेजराम, त्याच्यामागं चुकीच्या बटणांचे कृष्णराव हातात केळं घेऊन, आणि शेवटी टोपली डोक्यावर घेऊन जमुनाबाई, अशी ही मिरवणूक हायवेवरून शाळेकडे निघाली. एक ट्रकवाला तर गाडी बाजूला घेऊन पाहतच राहिला.

हॉल खच्चून भरला होता. ईश्वर माणसांच्या खांद्यांमधून मान घालून धापा टाकत उभा राहिला. टेबलामागे पुष्पाबाई होती. लग्नातलं हिरवं पातळ नेसलेली, हातात छडी, आणि आवाज असा, की मागच्या भिंतीपर्यंत नीट ऐकू यावा.

"या पेटीत पुष्कराज होता," ती सांगत होती. "आज नाही. आज तो दवाखान्यात हाये."

लोक खो-खो हसले. ईश्वरनं मान आत ओढली.

"हासू नका. हा पाहा." तिनं पदराच्या टोकाची गाठ सोडली आणि पिवळा खडा वर धरला. "हा माया नवऱ्यानं मले आनून देल्ला. काच हाये. मले ज्या दिवशी देल्ला त्याच दिवशी समजलं होतं. फुंकर मारली तं खऱ्या खड्यावरची वाफ लवकर उडते, काचेवरची बसून राहते. साहेबानंच सांगतलं होतं."

"मग बाई, साहेबाले दाखवाले काहून आनत होत्या?" गर्दीतून एका कंडक्टरनं विचारलं.

पुष्पाबाईनं छडी टेबलावर ठेवली.

"खडा नव्हता दाखवाचा, भाऊ. आनून देनारा हाये, हे दाखवाचं होतं. पुष्कराज सरकारचा हाये, उद्या पेटीत बसून नागपूरले जाईन. हा माया हाये. हा कुठंच जात नाही." आणि तिनं गाठ पुन्हा मारली.

आपणही पुढं व्हावं, सगळ्यांसमोर काहीतरी बोलावं, असं ईश्वरला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. त्यानं एक पाऊल पुढं टाकलंसुद्धा. पण त्याच वेळी त्याच्या पोटातून अशी काही कळ आली, की ते पाऊल तसंच अधांतरी राहिलं. जे घडभर केळ्यांनी झालं नव्हतं ते हायवेवरच्या धावण्यानं झालं होतं. तो गर्रकन वळला आणि शाळेच्या मागच्या बाजूला पळाला. कृष्णरावांनी त्याचा चेहरा ओळखला.

"येतोय!" ते आनंदानं ओरडले. "तेजराम, बादली!"

पुढचा तपशील सांगण्यासारखा नाही. तेजरामनं दाराबाहेर पहारा दिला, कवडूनं पाणी ओतलं आणि ओतता ओतता ईश्वरच्या पाठीत मारल्याचा पश्चात्ताप अनेकदा बोलून दाखवला. बऱ्याच वेळानं कृष्णरावांनी चिमट्यात धरलेला पिवळा खडा उन्हात धरला, भिंग लावलं आणि डोळे पुसले.

"बुडबुडा नाही," ते म्हणाले. तेजरामनं लिहिलेला कागद फाडून टाकला आणि घाम पुसत ठाण्याकडे गेला.

दुसऱ्या दिवशी दगडांच्या पेट्या ट्रकात चढल्या. कृष्णराव निघायच्या आधी दुकानात आले, ईश्वरचा तेलकट हात दोन्ही हातांत धरून बराच वेळ उभे राहिले, आणि बायकोसाठी इथून काय न्यावं हे त्यांनी त्याला विचारलं. "दगड सोडून काही बी न्या, साहेब," ईश्वरनं मनापासून सांगितलं.

त्यानंतर ईश्वरच्या घरात बरीच शांतता आली. "वाढ" आणि "झालं" यांच्यामध्ये आता चार-पाच वाक्यं बसू लागली. दुकानात मात्र गर्दी वाढली. पुष्कराज गिळलेला माणूस पाहायला लांबून लोक येत, आणि आलेच आहेत तर पंक्चर काढून घेत. ईश्वरही आता गप्प बसत नसे. कुरुंदाची गोष्ट त्याच्या तोंडात चांगली बसली होती.

एका दुपारी पुष्पाबाई त्याचा डबा घेऊन आली तर दुकानासमोरच्या बाकावर निर्मला सिस्टर बसली होती. हनुवटीखाली हात, डोळे ईश्वरवर. ईश्वर तिच्या सायकलीचं चाक फिरवत होता आणि सांगत होता, "आतून दोघं एकच, सिस्टर. फक्त नीट पाहा लागते."

सिस्टरनं सुस्कारा टाकला.

पुष्पाबाईनं डबा बाकावर ठेवला. जरा आवाज करूनच ठेवला.

"सिस्टर, परवा बी तुमच्या सायकलीची हवा गेली होती ना?"

"हो ना बाई. काय होतं कोण जाणे, सारखी जाते."

"आन त्याच्या आंधी सोमवारी?"

"सोमवारीही."

"अस्सं," पुष्पाबाई म्हणाली. तिनं पदर कमरेला खोचला, ईश्वरच्या हातातून पंप ओढून घेतला आणि चाकाशी बसली. "तुमी जेवा जी. आज मी भरतो हवा."

आणि ती भरू लागली. दातओठ खाऊन, एका दमात, सिस्टरकडे पाहत. चाक टणक झालं. मग दगडासारखं झालं. तरी पंप थांबेना. ट्यूब आता राहत नाही हे ईश्वरला स्पष्ट दिसत होतं. ते सांगणं त्याचं काम होतं. पण बायकोच्या कपाळावरच्या त्या आठ्यांकडे पाहता पाहता त्याला इतकं बरं वाटत होतं, की त्यानं डब्याचं झाकण उघडलं, वांगं-झिंग्याचा एक मोठा घास घेतला, आणि धडाम् होईपर्यंत तो तोंडातून अवाक्षर न काढता जेवत राहिला.